पाचवी ते आठवीचा विभाग हाती आलाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं सहावी-सातवीला मराठी आणि इतिहास शिकवल्यावर संस्थेनं या जूनपासून पाचवी ते आठवीचा विभाग तुमच्यावर सोपवला आहे. शाळा मराठी माध्यमाची, विनाअनुदानित, प्रयोगशील. चौथीपर्यंत सगळं छान चालतं. पाचवी लागली की पालक मार्कं विचारायला लागतात, शिक्षकांत दोन तट पडतात आणि सातवी संपली की पाच-सात मुलं दाखला घेऊन जातात. ‘मी आधी कशाला हात घालू?’ असं तुम्ही विचारलं आहे.

मी अशाच एका शाळेत १४ वर्षं हा विभाग सांभाळला. त्या अनुभवावरून सांगते: पहिल्या वर्षी एकच गोष्ट मिळवा आणि ती कुणालाही काढून घेऊ देऊ नका. आठवड्यातून दोन तास विभागातल्या सगळ्या शिक्षकांची बैठक, आणि त्या बैठकीत फक्त मुलांविषयी बोलणं, नाव घेऊन. वेळापत्रक, गॅदरिंग, सहल, पोर्टलवरची माहिती, यांतलं काहीही त्या दोन तासांत येता कामा नये. तुम्ही विचारलेल्या तिन्ही अडचणींवर मला जे काही सापडलं ते या बैठकीतून सापडलं, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं. संस्थाचालक पहिल्यांदा म्हणतील, मुलांचा वेळ कमी कसा करायचा? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन असावं असं म्हटलं आहे. रोज पाच तास अध्यापन धरलं तर २२० दिवसांचे ११०० तास होतात. आम्ही बुधवारी मुलांना दोन तास लवकर सोडायचो. वर्षातले ३६-३७ बुधवार धरले तरी साधारण ७५ तास जातात आणि हिशेब हजाराच्या वरच राहतो. हा कागद मी विश्वस्तांसमोर ठेवला तेव्हा विरोध बराच मावळला. लवकर घरी जाऊन एकटं राहावं लागेल अशी २० एक मुलं होती. ती ग्रंथालयात थांबायची आणि प्राथमिकच्या एक ताई पाळीनं त्यांच्याजवळ बसायच्या. ही सोय आधी करा, मगच पालकांना कळवा.

आमच्याकडे चार वर्ग, प्रत्येकी ३५ मुलं. दर बैठकीत प्रत्येक वर्गातली तीन, म्हणजे बारा मुलं घ्यायची. वर्षात ३५ बैठका झाल्या तर प्रत्येक मुलाचं नाव तीनदा येतं. कुणाची नावं घ्यायची ते हजेरीपटावरून ठरायचं, तक्रारीवरून नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. तक्रारीवरून ठरवलं की त्याच आठ-दहा मुलांवर वर्षभर बोलणं होतं. मधल्या बाकावर गप्प बसणारी, वह्या वेळेवर देणारी मुलगी जूनमध्ये आली तशीच एप्रिलमध्ये निघून जाते.

बोलण्याचा क्रमही ठरलेला होता. आधी प्रत्येकानं स्वतः काय पाहिलं ते सांगायचं. ‘तो आळशी आहे’ हे चालायचं नाही. ‘गेल्या मंगळवारी अपूर्णांकांची पाच गणितं दिली, त्यानं पहिलं केलं आणि मग पट्टीनं समास आखत बसला’ हे चालायचं. सगळ्यांचं पाहिलेलं सांगून झालं की मग मत. शेवटी पुढच्या तीन आठवड्यांत कोण काय करणार हे एका ओळीत नोंदवहीत. पहिले दोन महिने ही बैठक कंटाळवाणी वाटेल. शिक्षकांना पाहिलेलं सांगण्याची सवय नसते, आपल्याला शेरे मारायची सवय असते. दिवाळीनंतर फरक पडतो. मराठीच्या ताईंना जी मुलगी तोंड उघडत नाही असं वाटतं ती विज्ञानाच्या प्रयोगशाळेत गटाला सूचना देते हे चित्रकलेच्या दादांनी पाहिलेलं असतं, आणि त्या दिवशी ते मोठ्यानं बोललं जातं.

चौथीपर्यंत वर्गताई दिवसभर मुलांबरोबर असते, तिला डब्यात काय आहे इथपर्यंत माहीत असतं. पाचवीपासून विषयवार शिक्षक येतात आणि एकच मूल सात जणांत वाटलं जातं. त्या सात तुकड्यांतून मूल पुन्हा अख्खं दिसावं यासाठी या वयात शाळेकडे दुसरं साधन नाही.

आपली अडचण थोडी जुनीही आहे. महाराष्ट्रात पाचवी नक्की कुणाची हेच कधी धड ठरलं नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चौथी झाली की मूल हायस्कुलात जायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक धरलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही सहावी ते आठवी हाच मधला टप्पा मानला. शाळांच्या इमारती, शिक्षकांच्या नेमणुका आणि पालकांचं मन मात्र अजून जुन्याच रेषेवर आहे. प्रयोगांची शिदोरीही बरीचशी लहान मुलांची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण उभं केलं. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं ते प्राथमिक शाळा म्हणून. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी काय करायचं हे दाखवणारं आपल्याजवळ त्या मानानं थोडं आहे. फलटणचं कमला निंबकर बालभवन दहावीपर्यंत जातं, ते जरूर बघून या. सेवाग्रामलाही एकदा जा. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली, तिचा विचार सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीच होता आणि तो हातानं करायच्या खऱ्या उत्पादक कामाभोवती रचलेला होता. सूत कातायला लावा असं मी म्हणत नाही. पण या वयाच्या मुलाला ज्याचा कुणाला तरी उपयोग आहे असं काम द्या, ही गोष्ट मला १४ वर्षांत रोज खरी वाटली.

आता मार्कं. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

सहावीत एक मुलगा होता. चित्रं सुंदर काढायचा, नाटकात पुढे, सगळ्यांचा लाडका. आम्ही गुण देत नव्हतो, वर्णनात्मक नोंदी लिहायचो. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, ‘भाषेची आवड आहे, गोष्टी रंगवून सांगतो, वाचनात अधिक सराव उपयुक्त ठरेल.’ सातवीनंतर त्याच्या वडिलांची बदली झाली. नव्या शाळेतल्या पहिल्याच चाचणीत कळलं की त्याला एक परिच्छेद सलग वाचता येत नाही. पुढे तपासणीत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातलीच अडचण, निघाली. त्याची आई मला भेटायला आली. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, ‘ताई, तुम्हाला माहीत होतं ना? मग आम्हाला का नाही कळलं?’ मला माहीत होतं. मी ते चांगल्या मराठीत गुंडाळलं होतं. मुलाला दुखवायचं नाही या भावनेनं मी त्याची दोन वर्षं घालवली. त्या दोन वर्षांत त्याला मदत मिळाली असती, नियुक्त सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र घेऊन परीक्षेतल्या सवलती मिळाल्या असत्या.

त्यानंतर आम्ही नोंदींची पद्धत बदलली. प्रत्येक विषयात तीन वाक्यं. आज याला काय येतं, कशावरून. काय येत नाही, कशावरून. पुढच्या सहा आठवड्यांत शाळा काय करणार आणि घरी काय व्हावं. ‘कशावरून’ला वहीचं पान किंवा पेपर जोडायचा. नोंद पालकांकडे जाण्याआधी मूल स्वतः वाचायचं आणि पटलं नाही तर तसं लिहायचं. सातवीतली एक मुलगी लिहून गेली होती, ‘मला भूमिती येते, पण रचनेची कारणं लिहायला येत नाहीत.’ आम्ही दोन परिच्छेदांत लिहिलेलं तिनं एका ओळीत नेमकं सांगितलं.

पालक मार्कं विचारतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना एवढंच जाणून घ्यायचं असतं की आपलं मूल कुठे आहे. त्याचं सरळ उत्तर मिळत नाही म्हणून ते आकडा मागतात. तुम्ही ‘कशावरून’सकट सरळ उत्तर द्यायला लागलात की मागणी निम्म्यावर येते. उरलेल्यांना आकडाच हवा असतो, आणि त्यांना तो लपवून ठेवल्यासारखं वागू नका. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पाचवी-सहावीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६० अशी विभागणी होती, म्हणजे शाळेच्या दप्तरी आकडे असतातच. २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्याची दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात. याला तत्त्व म्हणून तुमचा विरोध असेल, माझाही आहे. पण मुलांना परीक्षा ही चीज काय आहे ते शांतपणे शिकवणं आपलं काम आहे. आम्ही सहावीच्या मुलांनाच प्रश्नपत्रिका काढायला लावायचो. कुठला प्रश्न आठवणीचा, कुठला विचाराचा, तीन गुणांच्या उत्तरात तीन मुद्दे का लागतात, हे स्वतः पेपर काढताना जितकं कळतं तितकं दहा सराव चाचण्यांत कळत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षा काही वर्षं पाचवी आणि आठवीला होती, आता ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेली आहे. बसायचं की नाही ते घरच्यांवर सोडा. शाळेच्या वेळेत तयारीचे तास लावू नका, आणि बसणाऱ्या मुलांकडे तिरक्या नजरेनंही बघू नका. ही दुसरी गोष्ट प्रयोगशील शाळांना पहिलीपेक्षा जड जाते.

सातवीनंतर दाखला नेणाऱ्यांबद्दल. काही जातील. कारणं खरी असतात: घर लांब गेलेलं असतं, फी झेपत नाही, मोठ्या भावाचा क्लास दुसऱ्या बाजूला आहे. दाखला ताबडतोब द्या, मुलाच्या वह्या आणि प्रकल्प नीट बांधून बरोबर द्या, वर्गात त्याचा निरोप करा. जाणाऱ्या पालकाशी शाळा कशी वागली हे थांबलेले सगळे पालक बघत असतात. जाण्याचा विचार चाललाय हे तुम्हाला एप्रिलमध्ये कळत असेल तर मात्र उशीर झाला. म्हणून आम्ही पाचवीच्या प्रत्येक मुलाच्या घरी जून-जुलैत जायचो. ३५ घरं, चौघा शिक्षकांत वाटून, शनिवारी दुपारी. तासभर बसायचं, चहा घ्यायचा, मूल कुठे अभ्यासाला बसतं ते बघायचं आणि शाळेबद्दल काय काळजी वाटते तेवढं विचारायचं. समजावून सांगायला जायचं नाही, ऐकायला जायचं. पालकसभेत तीन वर्षं न बोललेली माणसं स्वतःच्या घरात मोकळेपणी बोलतात.

या घरभेटींतून दुसरीही एक गोष्ट कळली. शिक्षण हक्क कायद्यानुसार गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुलं पहिलीपासून सगळ्यांबरोबर असतात आणि चौथीपर्यंत कुणाला काही जाणवत नाही. सहावीत जाणवायला लागतं. कुणाकडे कुठला फोन, कुणाच्या वाढदिवसाला हॉटेल, सहलीला कोण आलं नाही. आम्ही सहल एसटीच्या बसनंच काढायची असं ठरवलं, कारण शाळेच्या सहलीला एसटीत निम्मी सवलत मिळते. मुक्कामाला ओळखीच्या शाळेतच राहायचं, स्वयंपाक मुलांनी करायचा. काही पालकांना ते कमीपणाचं वाटलं. त्यांच्याशी मी कधी तडजोड केली नाही.

मुलांच्या वयाबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच विचारलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. सहावीच्या दुसऱ्या सत्रापासून मुलांचं सगळं लक्ष एकमेकांकडे असतं. कोण कुणाशी बोलत नाही हा त्यांच्या दिवसातला सर्वांत मोठा विषय असतो आणि मोठ्यांना तो पोरखेळ वाटतो. एका वर्षी सातवीतल्या मुलींनी एकीला डबा खायला बसू देणं बंद केलं. भांडण नाही, शिवी नाही, फक्त ती आली की गोल बंद व्हायचा. ती मुलगी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात पुस्तकं लावायला लागली आणि आम्ही तिचं कौतुक केलं! बैठकीत तिचं नाव हजेरीच्या क्रमानं आलं तेव्हा शिपाईमावशींचं ऐकलेलं एका शिक्षिकेनं सांगितलं, की ती डबा न उघडता घरी नेते. तेव्हापासून मावशींना महिन्यातून एकदा बैठकीला बोलवायला लागलो.

अशा वेळी सगळ्यांना उभं करून जाब विचारू नका, त्यानं ती मुलगी आणखी एकटी पडते. मी चार दिवस मधल्या सुट्टीत माझा डबा घेऊन वर्गात बसले, काही न बोलता. मग त्या गोलातल्या दोघींशी वेगवेगळं बोलले. दोघींनीही सांगितलं की त्यांना ते आवडत नव्हतं, पण आपणही बाहेर पडू अशी भीती होती. तिथून सुटायला तीन आठवडे लागले. पाळी, शरीरातले बदल, आकर्षण याविषयीचे तास पाचवीच्या शेवटी सुरू करा, आणि काही तास मुलामुलींना एकत्र घ्या. मुलग्यांना वगळलं की ते उत्तरं फोनवर शोधतात.

शिस्तीसाठी मुलांना तुमच्या खोलीत पाठवायची पद्धत असेल तर हळूहळू थांबवा. ज्या शिक्षकाच्या तासाला घडलं त्यानंच ते निस्तरावं, तुम्ही त्याच्या शेजारी बसावं. आणि काहीही झालं तरी एक वर्ग शिकवत राहा. मी शेवटपर्यंत सातवीचं गणित सोडलं नाही. शिकवणं सुटलं की चार महिन्यांत तुमच्या सूचना शिक्षकांना लांबून आल्यासारख्या वाटतात.

आता दोन तट. एका बाजूला प्रकल्प, नाटक, क्षेत्रभेटवाले. दुसऱ्या बाजूला पोर्शन आणि सरावाची काळजी करणारे. तुम्ही बहुधा पहिल्यांतल्या आहात, म्हणून दुसऱ्यांचं ऐकायला जास्त वेळ द्या. त्यांची काळजी खरी असते. नववीत गणित कुठे अडतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. आमच्याकडे समेट झाला तो आठवडी बाजाराच्या कामात. सहावीच्या मुलांनी सहा आठवडे दर रविवारी सहा भाज्यांचे भाव नोंदवले: शेतकऱ्याला मिळालेला, अडत्याचा, हातगाडीवरचा. त्यातून शेकडेवारी, सरासरी, आलेख आले. गणिताच्या सरांनी, जे प्रकल्पांच्या नावानं कपाळाला आठ्या घालायचे, प्रत्येक आठवड्याची उदाहरणं याच आकड्यांतून काढली आणि सराव वाढला. मराठीच्या ताईंनी बाजारातले शब्द गोळा करून घेतले: जुडी, वाटा, पाटी, हुंडेकरी, कडता.

चौथ्या आठवड्यात एका गटाचे आकडे फार गुळगुळीत दिसले. सरांनीच पकडलं. दोन मुलांनी घरी बसून भाव लिहिले होते. विचारल्यावर कळलं की पहिल्याच रविवारी एक बाई त्यांच्यावर खेकसल्या होत्या आणि मग त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. सर पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. आधी अर्धा किलो गवार घेतली, मग प्रश्न विचारला. त्या दोघांनी पहिले तीन आठवडे ‘नोंद नाही’ असं लिहून आलेख अर्धा रिकामा ठेवला आणि शेवटच्या दिवशी तसाच लोकांसमोर मांडला. त्या दिवशी भाजीवाल्या आठ-दहा बाया शाळेत आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं आलेख वाचून घेतला आणि टोमॅटोचा आकडा चुकलाय म्हणून दुरुस्त करायला लावला. त्या सहा आठवड्यांसाठी वेळापत्रकात दोन-दोन तासिका जोडून दिल्या होत्या. ३५ मिनिटांच्या तासिकेत असं काही होत नाही, एवढा बदल पहिल्या वर्षी करता आला तर जरूर करा.

शिक्षकांच्या पगाराबद्दल तुम्ही फार काही करू शकणार नाही, मीही करू शकले नाही. चांगली माणसं सोडून गेली. तुमच्या हातात त्यांचा वेळ आहे. बदली तासिका तुम्ही स्वतः घ्या, माहिती भरायची कामं एकाच्याच गळ्यात पडू देऊ नका. वर्ग बघायला गेलात तर मागे बसून शेरा लिहू नका. दोन मुलांवर लक्ष ठेवा, ती तासभर काय करत होती ते लिहा आणि तो कागद त्याच दिवशी त्या शिक्षकाच्या हातात द्या, तुमच्याकडे प्रत न ठेवता.

जूनला अजून वेळ आहे. या महिन्यातच विश्वस्तांकडून बुधवार मागून घ्या. तासांचा हिशेब कागदावर न्या आणि ग्रंथालयात थांबणाऱ्या मुलांची यादीही सोबत न्या, कारण पहिला प्रश्न त्यांच्याबद्दल येईल. नोंदवही जाड बांधणीची घ्या. आमची पहिली दोनशे पानी होती, ती फेब्रुवारीतच भरली.